स्वयंपाकघरातून ऐकलेला ओंकार

योगाभ्यासाचे आज आपल्या समाजात जेवढे कौतुक आहे तेवढे पूर्वी क्वचितच असेल. २०१५ सालापासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. आणि ज्या घरात आजोबांच्या संध्येतील प्राणायामापलीकडे ह्या शास्त्राचा प्रवेश नव्हता, तेथेही आता सकाळी एखादी सतरंजी अंथरलेली दिसते. आमच्या घरी ही सतरंजी माझी. गेली अठरा वर्षे मी पहाटे साडेचारला उठून दीड तास आसने, प्राणायाम व ध्यान करीत आले. ह्या एवढ्या काळात नियम मोडल्याचे दिवस बोटांवर मोजता येतील, असे मी चारचौघींत मोठ्या अभिमानाने सांगत असे. ह्या लेखात जे सांगावयाचे आहे ते त्या अभिमानाविषयीच आहे, आणि ते सांगताना मनाला संकोच होतो, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

आम्ही दादरला राहतो. सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे दीर व जाऊ आणि दोहोंकडची मिळून चार मुले, अशी नऊ माणसे एका छपराखाली नांदतो व एकाच ओट्यावर शिजलेले जेवतो. अशी घरे आता थोडी राहिली. आम्हांला त्याची धन्यता वाटते आणि पाहुणेही ती बोलून दाखवितात. घर एकत्र कशामुळे राहते, ह्याचा विचार मात्र धन्यता मानणारे फारसा करीत नाहीत. मीही केला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या मनाने घेतले की, पुस्तके वाचून व वर्गांना जाऊन जे साधावयाचे ते साधले. आता काही दिवस घरापासून दूर राहून अभ्यासाला खोली आणावी. शहापूर तालुक्यातील एका आश्रमात दहा दिवसांचे निवासी शिबिर भरते असे कळले. ह्यांनी लगेच संमती दिली. धाकट्या जावेजवळ गोष्ट काढली तेव्हा ती मेथी निवडीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “जा की ताई. मी आहे ना.” हे तिचे नेहमीचेच वाक्य. आमच्या घरात ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याला काही अर्थ असेल हेच आम्ही विसरून गेलो होतो.

माघ महिना होता. कसाऱ्याची गाडी कल्याण सोडून पुढे निघाली, कर्जतचा फाटा उजवीकडे वळून गेला, आणि इमारतींच्या मधून शेते दिसण्याऐवजी शेतांच्या मधून इमारती दिसू लागल्या. टिटवाळा, खडवली, वाशिंद ही स्थानके मागे पडली आणि आसनगाव जवळ येता डाव्या हातास माहुलीचे सुळके उभे राहिले. १६३६ साली शहाजीराजांना ज्या गडावर शरण जावे लागले तो हा गड. भाताची खाचरे कापणी होऊन उघडी पडली होती, बांधावरच्या काटेसावरी पाने टाकून लाल फुलांनी भरल्या होत्या, आणि हवेत अजून थोडा गारवा होता. साधनेला याहून अनुकूल काळ व स्थळ कोणते, असे मनाशी म्हणत मी आश्रमाच्या फाटकातून आत गेले. मोबाइल कार्यालयात जमा केला तेव्हा तर अर्धी समाधी लागल्यासारखेच वाटले.

दिनचर्या कडक होती. पहाटे साडेचारला घंटा, पाच वाजता ओंकार, मग शुद्धिक्रिया व प्राणायाम, सातला आसने, न्याहारीनंतर पाठ, दुपारचे जेवण मौनात, तिसऱ्या प्रहरी योगनिद्रा, सायंकाळी पुन्हा आसने व भजन, नऊला दिवे मालवावयाचे. आम्ही तीसजण होतो. आचार्य सत्तरीच्या घरातले, कमी बोलणारे गृहस्थ होते. पहिल्याच पाठात त्यांनी सांगितले की, पतंजलींनी आसनाला अवघी तीन सूत्रे दिली आहेत, आणि आठ अंगांत त्याच्याही आधी यम व नियम ठेवले आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ह्या पाच यमांपैकी अस्तेय, म्हणजे चोरी न करणे, हा यम तरी आपल्यासारख्यांना काही जड नाही, असे मला तेव्हा वाटले. वहीत मी त्यापुढे खूणसुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी महाराष्ट्रातील अर्वाचीन योगपरंपरेचा इतिहास सांगितला. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य. त्यांपैकी श्रीयोगेंद्र ह्यांनी १९१८ साली मुंबईजवळ वर्सोव्यास योगसंस्था काढली आणि संसारी माणसांना ही विद्या खुली केली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, ह्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी ह्यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगव्यायामाचे पुस्तक लिहिले. तोवर ही विद्या गुहेत राहणाऱ्याची. ह्या मंडळींनी ती माजघरात आणली. हे ऐकताना मी स्वतःकडे त्या परंपरेची एक वारसदार म्हणून पाहिले असेल तर नवल नाही.

ह्या समाधानाला पहिला धक्का प्राणायामाच्या वेळी बसला. आठ मात्रांचा पूरक, बत्तीस मात्रांचा कुंभक व सोळा मात्रांचा रेचक हे प्रमाण मी कित्येक वर्षांच्या परिश्रमाने साध्य केले होते, व ते आचार्यांच्या लक्षात यावे अशी माझी इच्छाही होती. ते माझ्याजवळ येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “बाई, आपला श्वास बाहेर जात नाही, आपण त्याला घालवून देत आहात. कुंभक सोडा. दहा दिवस नुसता रेचक पाहा.” म्हणजे नवशिक्यांच्या ओळीत बसावयाचे! मला अपमान वाटला. पण पाहू लागल्यावर दिसले की, त्यांचे म्हणणे खरे होते. माझा श्वास शेवटी शेवटी अडखळत होता. मनात काहीतरी आखडून धरलेले होते आणि त्याच्यावर मी मात्रांचे हिशेब रचले होते.

दुसरा धक्का सेवेच्या चिठ्ठ्यांचा. आश्रमात प्रत्येकाला दीड-दोन तास काही ना काही काम करावे लागे. कोणाला अंगण, कोणाला बाग, कोणाला भांडी. माझी चिठ्ठी निघाली ती पहाटेच्या स्वयंपाकघराची. चारला उठावयाचे, गवती चहा व आले घालून तीस माणसांचा काढा करावयाचा, न्याहारीची नाचणीची पेज ढवळावयाची, दुपारची भाजी चिरून ठेवावयाची. म्हणजे ज्या प्रहरासाठी मी घर सोडून आले तोच नेमका ओट्यापाशी जाणार. मी तडक आचार्यांकडे गेले आणि, दुपारचे कोणतेही काम द्यावे, पण पहाट तेवढी मोकळी ठेवावी, अशी विनंती केली. ते म्हणाले, “तीन दिवस करून पाहा. नंतर बदलून देऊ.”

पहिले दोन दिवस मी रागातच काम केले. पेज ढवळण्याचे काम दिसते सोपे, पण हात थांबला की तळाशी गुठळी होते. तेव्हा डोळे मिटून ध्यान करण्याची सोयही नव्हती. तिसऱ्या पहाटे बाहेर दाट काळोख होता, चूल धडधडत होती, माझा उजवा हात पळी फिरवीत होता, आणि अंगणापलीकडच्या साधनागृहात ओंकार सुरू झाला. तीस कंठांतून उठलेला तो ध्वनी दोन भिंती ओलांडून माझ्यापर्यंत आला. तो फार सुंदर होता, आणि तो माझा नव्हता. मी त्याच्या बाहेर उभी होते. मला त्याच्यासाठी काढा तयार ठेवावयाचा होता.

त्याच क्षणी माझ्या मनात आले की, ओंकार स्वयंपाकघरातून असा ऐकू येतो तर! आणि आमच्या घरी तो अठरा वर्षे स्वयंपाकघरातून कोणीतरी ऐकीत आले आहे.

मग एकामागून एक सर्व आठवत गेले. मी दार लावून बसते तेव्हा धाकटी दूध तापविते, सासूबाईंना औषधापुरते पाणी कोमट करून देते, मुलांचे डबे भरते. माझे ध्यान मोडू नये म्हणून सहाच्या आत मिक्सर लावावयाचा नाही, असा दंडक घरात कधी पडला हे मला आठवेना. पण त्यासाठी ती चटणी आदल्या रात्री वाटून ठेवते हे मला ठाऊक होते. कुकरची शिटी होऊ नये म्हणून डाळ ती पातेल्यात शिजविते, तिला दुप्पट वेळ लागतो, हेही ठाऊक होते. ठाऊक असणे व दिसणे ह्यांत केवढे अंतर आहे! अस्तेयापुढे मी खूण केली नव्हती. दीड तास गुणिले अठरा वर्षे. एवढा काळ दुसऱ्याच्या आयुष्यातून काढून घेतला होता, आणि त्याला मी तपश्चर्या म्हणत होते.

ह्याहूनही एक जड गोष्ट दुपारच्या मौनात वर आली. चार वर्षांपूर्वी धाकटीची आई मिरजेस अंथरुणास खिळली होती. महिनाभर जाऊन राहावे असे हिच्या मनात होते. आम्ही कोणी नको म्हटले नाही. उलट “अवश्य जा” असेच म्हटले. परंतु ती आठव्या दिवशी परत आली, आणि पुढे पंधरवड्याच्या आत तिची आई गेली. ती इतक्या लवकर का परतली असेल, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही. विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत असावे. आश्रमातल्या त्या आंब्याखाली बसून मी प्रथमच तो प्रश्न शेवटपर्यंत जाऊ दिला. माझा रेचक कोठे अडत होता, ते मला त्या दिवशी समजले असे म्हणावयास हरकत नाही.

तीन दिवस झाल्यावर आचार्यांनी विचारले, “काम बदलून द्यावयाचे का?” मी नको म्हणाले. त्यांनी कारण विचारले नाही.

त्या स्वयंपाकघरात माझ्या जोडीला जवळच्या पाड्यावरची एक बाई कामाला येत असे. मी चारला उठल्याची बढाई मनातल्या मनात मारीत असता ती विहिरीवरून दोन खेपा घरी टाकून मग येत असे. होळीनंतर विहीर तळ गाठते, मग टँकरची वाट पाहावयाची, असे तिने सहज सांगितले. शहापूर हा तलावांचा तालुका. १८९२ साली तानसा बांधला गेला, आणि आज मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा जवळजवळ अर्धा भाग एकट्या भातसा धरणातून जातो. आमच्या दादरच्या नळाला येणारे पाणी ह्याच डोंगरांतून येते. आणि ह्याच डोंगरांतल्या बायका उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालतात. जलनेतीचे लोटीभर पाणी हाती घेताना मला इतके दिवस असे कधी वाटले नव्हते की, तेही कोणीतरी वाहून आणलेले असते.

आठव्या दिवशी आम्हांला मुरबाड तालुक्यातील गोरखगडास नेण्यात आले. किन्हवली, सरळगाव करीत गाडी मुरबाडास गेली, आणि तेथून म्हशावरून पायथ्याच्या देहरी गावी. म्हशाची पौष पौर्णिमेची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. देहरीतून वर पाहिले की, गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके गुरुशिष्यांसारखे शेजारी उभे दिसतात. गोरक्षनाथांनी येथे साधना केली अशी परंपरा आहे. हठयोगाची विद्या नाथपंथाने वाढविली. आणि मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ह्या परंपरेनेच ती ज्ञानदेवांपर्यंत पोहोचली. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन आहे त्याचा झरा ह्या डोंगराकडच्या परंपरेतूनच आला. आमच्या घरी सासूबाई त्या अध्यायाचे नित्य वाचन करतात. पण त्याचा संबंध मुरबाडच्या एका सुळक्याशी असेल हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

चढण अवघड आहे. प्रथम रान, मग कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या. माझे गुडघे कुरकुरत होते, तरी हात धरून मला गुहेपर्यंत नेण्यात आले. तेथून वर शिखरावरच्या महादेवाला तरुण मंडळी गेली व मी खाली बसून राहिले. गुहा चांगली प्रशस्त आहे. समोर खोल दरी, आणि दरीपलीकडे मच्छिंद्रगड. एकांत म्हणावा तर असा!

परंतु त्या एकांतात बसून मी पाहू लागले ते छिन्नीच्या खुणांकडे. ही गुहा कोणीतरी खोदली. ह्या पायऱ्या कोणीतरी, बहुधा दोराला लोंबकळत, एकेक करून काढल्या. जवळच पाण्याची टाकी आहेत. तीही खडक फोडून केलेली. जो येथे ध्यानाला बसला त्याचे नाव डोंगराला मिळाले. ज्यांनी त्याच्या बसण्याची जागा केली त्यांचे नाव कोणालाच माहीत नाही. आणि त्याची भिक्षा? ती खालच्या गावातल्या कोणा बाईने जात्यावर दळलेल्या धान्याचीच असणार. हठप्रदीपिकेत स्वात्मारामाने साधकाची मठी कशी असावी हे सांगताना, देश सुराज्याचा असावा, जेथे भिक्षा सुखाने मिळते असा असावा, असे आरंभीच सांगितले आहे. मी ते अनेकदा वाचले होते, पण लक्ष नेहमी मठीच्या लहान दाराकडे व सारवलेल्या भूमीकडे जाई. भिक्षा सुखाने मिळावयाची म्हणजे कोणीतरी रोज थोडे अधिक शिजवावयाचे, हा त्या वाक्याचा अर्धा अर्थ माझ्या नजरेतून सुटला होता. प्राचीनांनी तो लपविला नव्हता. नाथजोगी दारोदार जाऊन हात पसरीत. म्हणजे आपण कोणाच्या अन्नावर बसलो आहोत हे त्यांना दररोज उघड कबूल करावे लागे. आम्ही संसारी साधकांनी तेवढी कबुली वगळली, आणि बाकीचा योग घरी आणला.

दहा दिवस संपले. घरी पोहोचले त्या रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर मी धाकटीला मिरजेविषयी विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, “ताई, तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. पण मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, विरजण कोठे ठेवले आहे म्हणून. चौथ्या दिवशी आला, डब्याची पोळी किती वाजता लाटायला घ्यायची म्हणून. मग मी समजले.” आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते ऐकणे अधिकच कठीण गेले. क्षमा मागावयाची म्हणजे काय करावयाचे, हे मला त्या वेळी सुचले नाही. जी गोष्ट परत देता येत नाही तिच्यासाठी शब्द सापडत नाहीत.

जे देता येण्यासारखे होते ते देऊ केले. मी म्हणाले, “उद्यापासून पहाट तुझी. तू सतरंजीवर बस, मी ओटा पाहते. मी शिकवीन तुला.” ह्यावर ती मनमोकळी हसली. “ताई, पहाटे उठून श्वास मोजण्याची मला हौस नाही हो. मला सहापर्यंत झोप हवी आहे. अठरा वर्षे झाली, सहापर्यंत निजले नाही.”

पाहा, दानसुद्धा मी माझ्याच आवडीचे द्यावयास निघाले होते!

तेव्हापासून आठवड्यातील चार दिवस पहाटेचा ओटा माझ्याकडे असतो. एक दिवस ह्यांनी व दिरांनी मिळून घेतला आहे. त्या दिवशी दूध उतू जाते आणि चहात साखर दुप्पट पडते, पण तक्रार करावयाची नाही असे ठरले आहे. माझी साधना त्यामुळे वाढली असे लिहिता आले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण ते खरे नाही. ती कमी झाली आहे. चार दिवस जेमतेम पाऊण तास मिळतो, तोही संध्याकाळी, घरात गडबड असता. कधी मध्येच घंटी वाजते, कधी मुले हाक मारतात, आणि अजूनही एखाद्या दिवशी जुना राग ठिणगीसारखा वर येतो. कुंभकाचे प्रमाण तर मी सोडूनच दिले आहे. रेचक मात्र पूर्वीपेक्षा सरळ जातो, एवढे मी पाहिले आहे.

शिबिरांना जाऊ नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मीही पुन्हा जाणार आहे. माझ्या भगिनींना व बंधूंना सांगणे इतकेच की, सतरंजी अंथरताना एकदा स्वयंपाकघरात जाऊन उभे राहावे आणि आपला ओंकार तेथून कसा ऐकू येतो ते पाहावे. ह्या येत्या माघात शहापूरला जाण्याचे ठरले आहे. धाकटी त्याच सुमारास पंधरा दिवस मिरजेस भावाकडे जाऊन राहणार म्हणते, तेव्हा आमच्यातील कोणी आधी जावयाचे हे अजून ठरावयाचे आहे. बहुधा तीच आधी जाईल. विरजण कोठे असते हे आता मला माहीत आहे.